रोपातला कॅल्शियम सिग्नल कसा मोजायचा: मिठाचा ताण, एक्वोरिन आणि कंट्रोलची किचकट बाजू

ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या आठवड्याभराच्या रोपावर मिठाचं पाणी सोडलं की काही सेकंदांत त्याच्या पेशीद्रवातलं मोकळं कॅल्शियम उसळी घेतं आणि थोड्याच मिनिटांत बरंचसं खाली येतं. ही उसळी टिपणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. योग्य रोपं, एक महागडं रसायन आणि मंद प्रकाश मोजणारं यंत्र एवढं जमलं की आलेख लवकरच हातात येतो. खरी अडचण त्यानंतरची. तेच रोप गार पाण्यानं, नुसत्या स्पर्शानं, सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाच्या द्रावणानं, अगदी वाऱ्यानं हललं तरी कॅल्शियम वाढवतं. त्यामुळे 'मिठानं कॅल्शियम वाढलं' हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी, ते मिठानंच वाढलं हे दाखवावं लागतं. निम्मं काम तिथेच आहे, आणि या लेखातही निम्मी जागा त्यालाच दिली आहे.

वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झालेले, पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. ज्यांच्या महाविद्यालयात यातलं एकही यंत्र नाही, त्यांच्यासाठी शेवटी एक साधा प्रयोग आहे.

पेशीच्या आत काय चाललेलं असतं

शांत बसलेल्या वनस्पती पेशीच्या पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं. पेशीभित्तिकेच्या भागात आणि रिक्तिकेत ते मिलिमोलरच्या घरात जातं, म्हणजे सुमारे दहा हजार पट. हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. एटीपीवर चालणारे कॅल्शियम पंप आणि प्रोटॉनच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर काढणारे अदलाबदली वाहक हे काम करतात. एवढा खटाटोप कशाला? कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की साका बसतो, आणि पेशीचा सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो. पेशीद्रव कॅल्शियममुक्त ठेवणं ही जगण्याची अट आहे. सिग्नल म्हणून त्याचा वापर या नाइलाजातूनच शक्य झाला असं मानलं जातं: आत इतकं कमी असल्यावर पटलातल्या चार वाहिन्या (आयन आत सोडणारी प्रथिनांची दारं) उघडल्या तरी फरक मोठा पडतो.

वाहिन्यांची यादी लांब आहे. ॲराबिडॉप्सिसमध्ये चक्रीय न्यूक्लिओटाइडशी जोडलेल्या वाहिन्यांची २० जनुकं आहेत आणि ग्लुटामेट ग्राहकांसारख्या वाहिन्यांचीही २०. रिक्तिकेच्या पटलावर टीपीसी१ ही वाहिनी आहे. तीव्र द्रावणाचा ताण ओळखणारी ओएससीए१ ही वाहिनी २०१४ मध्ये सापडली. आत आलेलं कॅल्शियम वाचणारी प्रथिनं वेगळी: कॅल्मोड्युलिन, सीबीएल आणि त्यांचे जोडीदार सीआयपीके, शिवाय स्वतःच कॅल्शियम धरून कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) म्हणून काम करणारी सीपीके. मिठाच्या बाबतीत सर्वांत नीट उलगडलेली साखळी एसओएस नावानं ओळखली जाते. त्यात एसओएस३ हे प्रथिन कॅल्शियम धरतं, एसओएस२ या कायनेजला जागं करतं आणि ते कायनेज पटलावरच्या एसओएस१ला कामाला लावतं. एसओएस१ सोडियम पेशीबाहेर फेकतं.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा, कारण शेतीच्या चर्चांमध्ये तो नेहमी भेटतो. कॅल्शियम नायट्रेटची फवारणी केली म्हणजे पिकाला 'ताणाचा सिग्नल' दिला असं होत नाही. पेशीबाहेर कॅल्शियम आधीच भरपूर असतं. सिग्नल ठरतो तो वाहिनी कधी आणि किती वेळ उघडते यावर. चोपण जमिनीत जिप्सम टाकल्यानं फायदा होतो हे खरं आहे, पण त्याचं कारण मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम कॅल्शियमनं हुसकावलं जातं हे आहे. मुळाबाहेर पुरेसं कॅल्शियम असलं की सोडियमचा शिरकावही कमी होतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात किंवा सांगलीकडच्या क्षारपड उसाच्या रानात काय करावं हा प्रश्न मृदाशास्त्राचा आहे. आपण मोजणार आहोत ती काही सेकंदांची घटना वेगळी.

एक्वोरिनच का

एक्वोरिन हे जेलीफिशमधलं प्रथिन. ओसामू शिमोमुरा आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं केल्याचं १९६२ मध्ये जाहीर झालं. त्याच जेलीफिशमधल्या हिरव्या चमकत्या प्रथिनासाठी शिमोमुरांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. एक्वोरिनला सिलेंटराझिन नावाचा छोटा रेणू जोडलेला असेल आणि त्यावर कॅल्शियम बसलं, तर निळा प्रकाश बाहेर पडतो आणि तो रेणू खर्च होतो. १९९१ मध्ये मार्क नाइट, अँथनी ट्रेवावस आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या जातकुळीतल्या एका रोपात हे जनुक घालून स्पर्श आणि गारठा यांनी पेशीद्रवातलं कॅल्शियम वाढतं हे दाखवलं. पुढे हीच पद्धत ॲराबिडॉप्सिसमध्ये गारठा, दुष्काळ आणि क्षार यांच्यासाठी वापरली गेली.

फ्लुओ-४ सारखे, कॅल्शियम धरल्यावर चमकणारे रंग प्राण्यांच्या पेशीत सहज चालतात. वनस्पतीत ते बाहेरच्या एन्झाइमनी भित्तिकेतच तोडले जातात, किंवा आत गेले तर रिक्तिकेत साठतात. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. जीकॅम्प किंवा आर-गेको यांसारखी चमकती प्रथिनं उत्तम, पण त्यांना चांगला फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक लागतो. एक्वोरिनला बाहेरून प्रकाश टाकावा लागत नाही, हरितद्रव्याची चमक आड येत नाही आणि शेवटी आकडा नॅनोमोलरमध्ये मिळतो. उणीव एकच, पण मोठी: कोणत्या पेशीत काय झालं ते कळत नाही.

बियाणं आणि परवानग्या

३५एस प्रमोटरखाली (जनुक सतत चालू ठेवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) पेशीद्रवात एक्वोरिन बनवणारी कोलंबिया वाणाची रोपं अनेक प्रयोगशाळांकडे आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ॲराबिडॉप्सिस बीजकेंद्रांकडेही चौकशी करता येते. ही जनुक बदललेली रोपं असल्यानं भारतात मागवताना संस्थेची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागातली आरसीजीएम समिती आणि एनबीपीजीआर या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्थेचा आयात परवाना ही वाट धरावी लागते. देशातच कुणाकडे ती असतील तर साहित्य हस्तांतर करार आणि जैवसुरक्षा समितीची नोंद एवढ्यावर काम पुष्कळ हलकं होतं. आधी देशात विचारा.

तुम्हाला एखाद्या उत्परिवर्तित रोपात उसळी मोजायची असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. साल्क या उत्परिवर्तित रोपांच्या संग्रहात जनुक बंद पाडायला जे टी-डीएनए (जिवाणूकडून आलेला डीएनएचा तुकडा) घुसवलेलं असतं, त्यातही ३५एसचा तुकडा असतो. अशा रोपाशी एक्वोरिनचं रोप संकरित केलं की कधी कधी एक्वोरिनचं जनुकच गप्प होतं. प्रकाश कमी दिसतो आणि विद्यार्थी आनंदानं लिहितो की या उत्परिवर्तनानं कॅल्शियमची उसळी गेली. खरं काय आहे ते पुढे येणारी डिस्चार्जची, म्हणजे उरलेलं सगळं एक्वोरिन जाळून मोजण्याची पायरी सांगते.

रोपं वाढवणं

बियाणं सौम्य सोडियम हायपोक्लोराइटनं निर्जंतुक करून पाच-सहा वेळा धुवा. दोन-तीन दिवस ४ अंशांवर अंधारात ठेवा, म्हणजे सगळी एकदम उगवतात. मग निम्म्या ताकदीचं एमएस (मुराशिगे-स्कूग) पोषक माध्यम, १ टक्का साखर, ०.८ टक्के अगार, २२ अंश, १६ तास प्रकाश. सात ते दहा दिवसांची रोपं वापरा आणि एका प्रयोगात एकाच वयाची. पेट्री डिश उभ्या ठेवल्या तर मुळं पृष्ठभागावर वाढतात आणि उचलताना तुटत नाहीत. तुटलेलं मूळ ही जखम आहे आणि जखमेलाही कॅल्शियमची उसळी येते.

सिलेंटराझिन भरणं

हे रसायन प्रकाश, उष्णता आणि हवा तिन्हींना नाजूक आहे. मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये साठा करा. डीएमएसओ टाळा, त्यात ते आपोआप ऑक्सिडाइज होतं. छोट्या छोट्या वाट्यांत विभागून उणे ८० अंशांवर काळ्या नळ्यांत ठेवा आणि एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका.

रोपं मोजणीच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या, अपारदर्शक ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये हलवा, एका खळग्यात एक. प्रत्येकात ५ मायक्रोमोलर सिलेंटराझिन असलेलं १०० मायक्रोलिटर द्रावण. नुसतं शुद्ध पाणी नको: १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असलेलं, पीएच ५.७ च्या आसपासचं साधं द्रावण ठेवा आणि सगळ्या प्रयोगांत तेच वापरा. बाहेरचं कॅल्शियम बदललं की उसळीची उंची बदलते. झाकण चिकटपट्टीनं बंद करा, फॉइल गुंडाळा, रात्रभर २० ते २२ अंशांवर अंधारात.

रोप ज्या खळग्यात भरलं त्याच खळग्यात मोजा. सकाळी चिमट्यानं उचलून दुसरीकडे ठेवण्याचा मोह आवरा. त्या एका हालचालीनं रोप हादरतं आणि एक्वोरिनचा काही भाग तिथेच खर्च होतो.

यंत्रापाशी

आपोआप द्रावण सोडणारा इंजेक्टर असलेला ल्युमिनोमीटर किंवा प्लेट रीडर हवा. हातानं पिपेटनं टाकून, झाकण लावून मोजायला सुरुवात केलीत तर पहिले काही सेकंद हरवतात, आणि उसळी त्याच सेकंदांत असते.

प्लेट यंत्रात ठेवल्यावर किमान दहा मिनिटं काही करू नका. प्रकाशातून आलेलं हिरवं पान काही काळ स्वतःच मंद उजेड सोडत राहतं आणि तो तुमच्या पायाभूत रेषेत मिसळतो. मग प्रत्येक खळग्यासाठी क्रम असा:

१. दर सेकंदाला एक नोंद. पहिलं एक मिनिट नुसती पायाभूत रेषा.

२. ३०० मिलिमोलर मिठाचं १०० मायक्रोलिटर द्रावण सोडा. खळग्यातल्या १०० मायक्रोलिटरमध्ये मिसळून ते १५० मिलिमोलर होतं. सोडण्याचा वेग मध्यम, आणि सगळ्या द्रावणांसाठी एकच.

३. चार मिनिटं नोंद चालू.

४. डिस्चार्ज: ३ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ३० टक्के इथेनॉल असलेलं १०० मायक्रोलिटर द्रावण. अंतिम तीव्रता १ मोलर आणि १० टक्के. यानं पेशीपटलं फाटतात आणि उरलेलं सगळं एक्वोरिन एकदम जळतं. पाच मिनिटं नोंद, किंवा प्रकाश जवळपास शून्यावर येईपर्यंत.

आता हिशेब करा. एका खळग्याला दहा मिनिटं, म्हणजे पूर्ण प्लेटला सोळा तास. शेवटची रोपं मध्यरात्री मोजली जातील, आणि पेशीद्रवातलं कॅल्शियम दिवस-रात्रीच्या घड्याळाप्रमाणेही खालीवर होतं, हे १९९५ मध्येच एक्वोरिननं दाखवलं गेलं आहे. तेव्हा एका बैठकीत चोवीस खळगे, चार तास, रोज एकाच वेळी. आणि उपचारांचा क्रम फासे टाकून ठरवल्यासारखा विस्कळीत ठेवा. पहिल्या ओळीत मीठ, दुसऱ्या ओळीत सॉर्बिटॉल असं केलंत तर उपचार आणि वेळ यांची कायमची गुंतागुंत झाली.

इंजेक्टरची नळी हे दुसरं दुखणं. डिस्चार्जच्या द्रावणाचा अंश नळीत राहिला की पुढच्या रोपाला 'मिठासोबत' तीव्र कॅल्शियम आणि इथेनॉलही मिळतं. शक्य असेल तर दोन स्वतंत्र इंजेक्टर वापरा. नसेल तर मधे भरपूर पाण्यानं धुवा आणि धुतल्यावर नुसतं पाणी सोडून एक खळगा तपासा.

कंट्रोल: इथे घाई नको

पहिला कंट्रोल स्पर्शाचा. खळग्यात जे द्रावण आहे तेच १०० मायक्रोलिटर त्याच वेगानं सोडा. छोटी, टोकदार, लवकर खाली येणारी उसळी दिसेल. द्रावणाचा फवारा रोपावर आदळला त्याची ही खूण. ती शून्य होणार नाही, पण सोडण्याचा वेग कमी करून बारीक करता येते. ती मिठाच्या उसळीच्या निम्म्याइतकी असेल तर आधी यंत्र दुरुस्त करा, मग जीवशास्त्राकडे वळा.

दुसरा तापमानाचा. गारठ्याला रोप लगेच आणि जोरात उत्तर देतं. फ्रिजमधून काढलेलं मिठाचं द्रावण अर्ध्या तासात खोलीच्या तापमानाला आलं असेल असं गृहीत धरू नका, थर्मामीटर बुडवा. उलट बाजूनं, कॅल्शियम क्लोराइड विरघळताना द्रावण चांगलंच तापतं. ते आदल्या दिवशी करून ठेवा.

तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा: परासरण ताण. १५० मिलिमोलर मीठ म्हणजे पाण्यात जवळपास ३०० मिलिमोलर कण. तेवढंच पाणी ओढणारं सॉर्बिटॉल साधारण ३०० मिलिमोलर लागतं, म्हणजे सोडायचं द्रावण ६०० चं. ऑस्मोमीटर मिळत असेल तर दोन्ही द्रावणं त्यावर जुळवून घ्या. सॉर्बिटॉललाही उसळी येणारच. मिठाची उसळी त्याहून वेगळी आहे का, उंचीत, वेळेत की खाली येण्याच्या पद्धतीत, एवढाच प्रश्न तुम्ही विचारू शकता.

चौथा कंट्रोल बरेच जण सोडून देतात: १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. मीठ आणि हे द्रावण दोन्ही सारखीच उसळी देत असतील, तर 'सोडियमची उसळी' असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. आयनांची उसळी म्हणा. याचं महत्त्व एका खऱ्या शोधातून कळतं. ड्यूक विद्यापीठातल्या झेन-मिंग पेई यांच्या गटानं एक्वोरिन असलेल्या रोपांत उत्परिवर्तनं घडवून, ज्यांचा प्रकाश कमी पडतो अशी रोपं निवडली. ओएससीए१ तशीच सापडली, सॉर्बिटॉलसारख्या ताणाला मंद प्रतिसाद देणाऱ्या रोपांतून. २०१९ मध्ये त्याच मार्गानं एमओसीए१ सापडलं. ते पटलात आढळणारं विशिष्ट स्फिंगोलिपिड (एक प्रकारचा मेद) बनवणारं एन्झाइम आहे. त्या उत्परिवर्तनात मिठाची कॅल्शियम उसळी घटते, पण सोडियमइतकीच पोटॅशियम आणि लिथियमचीही घटते. लेखकांनी केवळ मीठ वापरलं असतं तर 'सोडियमचा ग्राहक' म्हणून घोषणा झाली असती. जास्तीची दोन क्षारद्रावणं वापरल्यामुळे ते नेमकं बोलू शकले.

पाचवा: एक्वोरिन नसलेलं साधं कोलंबिया रोप, सगळ्या पायऱ्यांतून नेलेलं. त्याचा प्रकाश ही तुमची वजा करायची पार्श्वभूमी.

प्रकाशातून नॅनोमोलर

किती उजेड आला याचे कच्चे आकडे थेट वापरू नका. मोठ्या रोपात एक्वोरिन जास्त असतं, तर लहानात कमी. म्हणून प्रत्येक क्षणी 'शिल्लक साठ्यातला किती भाग या सेकंदात जळला' हे काढायचं. त्याला के म्हणू. त्या सेकंदाचा प्रकाश भागिले त्या क्षणापासून डिस्चार्ज संपेपर्यंतच्या सगळ्या प्रकाशाची बेरीज. मग १९९६ मध्ये नाइट आणि सहकाऱ्यांनी वापरलेलं समीकरण:

पीसीए = ०.३३२५८८ × (ऋण लॉग के) + ५.५५९३

लॉग दहाच्या पायाचा. पीसीए म्हणजे कॅल्शियम तीव्रतेचा ऋण लॉग, मोलरमध्ये.

एक्सेलमध्ये सहज होतं. पहिल्या स्तंभात वेळ, दुसऱ्यात पार्श्वभूमी वजा केलेला प्रकाश, तिसऱ्यात खालून वर बेरीज, चौथ्यात दुसरा भागिले तिसरा. भाजक दर ओळीला बदलतो हे विसरू नका. एकच एकूण आकडा सगळीकडे वापरणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. यंत्र अर्ध्या सेकंदाची नोंद देत असेल तर आधी दर सेकंदाच्या हिशेबात आणा.

ताळा करून बघा. के ०.००००१ असेल तर पीसीए ७.२२, म्हणजे सुमारे ६० नॅनोमोलर. के ०.००१ असेल तर ६.५६, म्हणजे सुमारे २७७. प्रकाश शंभरपट झाला तेव्हा कॅल्शियम फक्त साडेचार-पावणेपाच पट वाढलं. शांत रोपाचा तुमचा आकडा ५० ते २०० च्या दरम्यान नसेल तर पार्श्वभूमी चुकली असण्याचा संभव जास्त. हे समीकरण मूळच्या एक्वोरिनसाठी आणि नैसर्गिक सिलेंटराझिनसाठी आहे. बदललेलं एक्वोरिन किंवा सिलेंटराझिनचे वेगळे प्रकार वापरत असाल तर त्यांचं कॅलिब्रेशन वेगळं.

आता त्या मोठ्या उणिवेकडे. प्रकाश कॅल्शियमच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. समजा रोपातल्या दहा टक्के पेशींत कॅल्शियम १००० नॅनोमोलरला गेलं आणि बाकीच्या १०० वरच राहिल्या. खरी सरासरी १९० आहे. पण त्या दहा टक्के पेशी प्रत्येकी हजारपट उजेड देतात, आणि समीकरण तुम्हाला ४६५ च्या आसपासचा आकडा दाखवतं. म्हणजे एक्वोरिनचा 'आकडा' ही सरासरी नाहीच, ज्यांनी मोठ्यानं ओरडलं त्यांची मतमोजणी आहे. दोन रोपांच्या उसळीत फरक दिसला, तर पेशींनी कमी कॅल्शियम आत घेतलं की कमी पेशींनी प्रतिसाद दिला, हे या पद्धतीनं वेगळं करता येत नाही. तसं लिहा.

डिस्चार्जमधून अजून दोन गोष्टी तपासा. एक, उसळीतच साठ्याचा मोठा भाग संपला का. संपला असेल तर शिल्लक लहान राहते, भागाकारात गोंधळ वाढतो आणि आलेखाच्या शेपटीवर विश्वास ठेवू नये. दोन, उत्परिवर्तित रोपाचा एकूण प्रकाश मूळ रोपाच्या तुलनेत किती. दहापट कमी असेल तर जनुक गप्प झालं आहे, वर सांगितलेला साल्कचा सापळा. समीकरण काही अंशी भरपाई करतं, पण पार्श्वभूमीच्या जवळ गेलेले आकडे कुठलंच समीकरण वाचवत नाही.

सांख्यिकीबाबत थोडक्यात: एका प्लेटमधली बारा रोपं म्हणजे बारा स्वतंत्र पुनरावृत्ती नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्या, वेगवेगळ्या वेळी भरलेल्या किमान तीन तुकड्या घ्या. उसळीची उंची, तिथे पोहोचायला लागलेला वेळ आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ, तिन्ही नोंदवा.

ब्लॉकर वापरताना

कॅल्शियम बाहेरून आलं की रिक्तिकेतून, हे शोधायला लँथॅनम क्लोराइड, गॅडोलिनियम क्लोराइड आणि ईजीटीए ही नेहमीची शस्त्रं. पहिली दोन पटलावरच्या वाहिन्या अडवतात, तिसरं बाहेरचं कॅल्शियम बांधून ठेवतं. लँथॅनम फॉस्फेटसोबत साका करतं, त्यामुळे एमएस माध्यमात ते टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. वर दिलेलं साधं द्रावण यासाठीही सोयीचं पडतं.

ईजीटीए आम्लात विरघळत नाही, अल्कली घालून पीएच ८ कडे न्यावं लागतं. मिठाच्या प्रयोगात त्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड घेऊ नका, पोटॅशियमचं घ्या. कॅल्शियम धरताना ईजीटीए प्रोटॉन सोडतं आणि पीएच घसरतो, म्हणून बफर हवाच. शिवाय आम्लधर्मी द्रावणात त्याची पकड कितीतरी सैल होते. पीएच एकानं उतरला की पकड जवळपास शंभरपट कमी.

यांतलं कुठलंही एक औषध उसळी दाबतं म्हणून निष्कर्ष काढू नका. वाहिन्या अडवणारं आणि कॅल्शियम बांधणारं, अशी दोन वेगळ्या पद्धतीची औषधं एकाच दिशेनं बोलली तरच पुढे जा. जनुकीय पुरावा मिळत असेल तर तो यांच्यापेक्षा नेहमी वजनदार.

उसळी मिळाली, पुढे काय

कुठून सुरू झाली आणि कुठे गेली हे पाहायचं असेल तर चमकत्या प्रथिनांकडे वळा. २०१४ मध्ये सायमन गिलरॉय यांच्या गटानं मुळाला मीठ लावल्यावर कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर वेगानं, मुळाच्या मधल्या थरांतून खोडाकडे जाते हे दाखवलं, आणि त्यात टीपीसी१ गुंतलेलं आहे हेही. २०१८ मध्ये मासात्सुगु टोयोटा आणि गिलरॉय यांनी जीकॅम्प३ वापरून पान कुरतडल्यावर दूरच्या पानापर्यंत धावणारी लाट चित्रित केली. ती लाट सुरू करायला ग्लुटामेट पुरतं.

आणि उसळीमुळेच पुढचा प्रतिसाद येतो का? हे दाखवणारे प्रयोग थोडे आहेत. २००१ मधला रक्षक पेशींवरचा (पर्णरंध्र उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पेशींवरचा) प्रयोग मला त्यात सर्वांत सुंदर वाटतो. एका उत्परिवर्तनात कॅल्शियमच्या आंदोलनांची लय बिघडलेली होती आणि पर्णरंध्रंही बंद राहत नव्हती. संशोधकांनी बाहेरून द्रावणं बदलत योग्य लयीची कृत्रिम आंदोलनं घडवली, तर रंध्रं मिटलेली राहिली. तुमच्या मिठाच्या प्रयोगात एवढं जमणार नाही, पण निदान ब्लॉकर दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांत एक ते तीन तासांनी ताणाला प्रतिसाद देणाऱ्या एखाद्या जनुकाची पातळी मोजता येईल.

यंत्र नसेल तर: केना

पावसाळ्यात बांधावर, कुंड्यांत, कॉलेजच्या आवारात उगवणारा निळ्या फुलांचा केना आणा. त्याच्या पानाच्या खालच्या बाजूची साल चिमट्यानं सहज निघते आणि रक्षक पेशी मोठ्या असतात. कॅल्शियम आणि रंध्रं यांच्यावरचं बरंच पायाभूत काम केन्याच्याच गणातल्या एका वनस्पतीवर झालं आहे.

पूर्ण वाढलेलं पण कोवळं पान घ्या. साली ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १० मिलिमोलर एमईएस बफरमध्ये, पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं पीएच ६.१५ ला आणून, दोन ते तीन तास प्रकाशात तरंगत ठेवा. रंध्रं उघडतील. मग पाच वाट्या करा: नुसता बफर, १० मायक्रोमोलर ॲब्सिसिक ॲसिड (रंध्रं मिटवणारं वनस्पती संप्रेरक), १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ॲब्सिसिक ॲसिडसोबत २ मिलिमोलर ईजीटीए, आणि नुसतं ईजीटीए. ॲब्सिसिक ॲसिड इथेनॉलमध्ये विरघळवलेलं असेल तर तेवढंच इथेनॉल बाकीच्या तिन्ही वाट्यांत टाका. तासाभरानं सूक्ष्मदर्शकाखाली आयपीस मायक्रोमीटरनं प्रत्येक सालीतल्या चाळीस रंध्रांची रुंदी मोजा.

कॅल्शियमच्या वाटीत रंध्रं मिटलेली आणि ईजीटीएच्या वाटीत ॲब्सिसिक ॲसिडचा परिणाम कमी पडलेला दिसायला हवा. नुसत्या ईजीटीएची वाटी टाळू नका. ईजीटीएनं रंध्रं स्वतःहूनच जास्त उघडली, तर चौथ्या वाटीतला फरक ॲब्सिसिक ॲसिडशी संबंधित आहे असं म्हणता येत नाही. या प्रयोगातून पेशीद्रवातलं कॅल्शियम मोजलं जात नाही, बाहेरच्या कॅल्शियमची गरज तेवढी दिसते.

मोजणाऱ्याला कुठली वाटी कुठली हे माहीत नसावं. वाट्यांवर चिठ्ठ्या एकानं लावाव्यात, रंध्रं दुसऱ्यानं मोजावीत आणि चिठ्ठ्यांची यादी सगळे आकडे वहीत उतरल्यावरच उघडावी.